माणसं ओळखता येतात, मग स्वतःचाच अंदाज का चुकतो?

उत्तरेश्वर पेठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. थोडं लांबेल.

मी कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत ३१ वर्षं कॅश काउंटरला होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. एवढी वर्षं खिडकीत बसल्यावर माणूस ओळखता यायला लागतो. मुलीच्या लग्नासाठी ठेव मोडणारा, दवाखान्यासाठी मोडणारा आणि भावकीच्या कोर्टकचेरीसाठी मोडणारा, तिघांचे हात वेगळे चालतात. दवाखान्याचा माणूस नोटा मोजत नाही, तशाच खिशात कोंबतो. कोर्टाचा दोनदा मोजतो आणि तिसऱ्यांदा बाहेर जाऊन मोजतो. लग्नाचा माणूस कोऱ्या नोटा मागतो. पासबुक पुढं सरकायच्या आधी मला कळायचं, आणि क्वचितच चुकायचं.

गौरी-गणपतीला मुलगी घरी आली होती. जेवताना काहीतरी विषय निघाला, मी "बरं" म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही 'बरं' म्हणालात की घरातला विषय बंद होतो. आई ताटाकडं बघायला लागते. लहानपणी आम्ही दोघं या 'बरं'ला घाबरायचो."

मी हसण्यावारी नेलं, पण रात्रभर डोळा लागला नाही. माझ्या मनात 'बरं' म्हणजे 'ऐकलं, पटलं'. मी पोरांवर कधी हात उचलला नाही, घरात आवाज चढवला नाही. 'आपण शांत माणूस' हे मी स्वतःबद्दल इतकं पक्कं धरलं होतं की ते तपासून बघावं असंही कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंकाळ्याला पद्माराजे उद्यानाजवळ तासभर बसलो. शेकडो परक्या माणसांचे हात वाचणाऱ्याला स्वतःच्या तोंडचा एक शब्द वाचता येऊ नये, याचं फार वाईट वाटलं. म्हणून विचारतो. माणसाला आधी कोण कळतो, स्वतः की दुसरा? आणि स्वतःचं कळत नसेल तर कुणाकडं जायचं? तुमच्या अनुभवातलं सांगा.

---

लाल माती | रविवार, रात्री ११:०२

काका, तुमचं वाचून तालीम आठवली. मी ८ वर्षं मातीत होतो. माझा पट, म्हंजे खाली शिरून समोरच्याचा पाय धरायचा डाव, चांगला होता, पण एका पावसाळ्यात काय झालं कुणास ठाऊक, महिनाभर एकबी पट लागंना. मी आत शिरायच्या आधीच समोरचा पाय मागं घ्यायचा. माझ्यापेक्षा हलकी पोरं मला झुलवायला लागली. मला वाटलं खुराक कमी पडतोय. मग वाटलं गुडघा गेला. घरच्यांनी दृष्टबी काढली.

वस्ताद रोज कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून बघायचे, बोलायचे न्हाईत. एक दिवस लढत थांबवली आणि म्हणाले, "तू शिरायच्या आधी हात पुसतोस." मी म्हणालो न्हाई पुसत. छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. ते नुसतं म्हणाले, "मांडी बघ." उजव्या मांडीवर तांबड्या मातीचा पट्टा उठला होता, रोज एकाच जागी. डाव्या मांडीवर काय न्हाई.

म्हंजे तालमीतल्या सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मी विचारलं, महिन्याआधी का न्हाई सांगितलं? म्हणाले, "तेव्हा न्हाई म्हणून घरी गेला असतास."

कुस्तीत सुरुवातीला खडाखडी चालते. मानेवर हात, मनगटाला मनगट. त्या दोन मिनिटांत समोरच्याचा जोर कुठल्या पायावर हाय, श्वास कुठं तुटतोय, समदं हाताला कळतं. पण स्वतःशी खडाखडी करता येत न्हाई, तिथं दुसरा अंगाला लागावाच लागतो. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं ते वाटीसारखं, हौदा खाली आणि माणसं चढत्या उतारावर. लांबच्या रांगेतल्या पोरालाबी डाव दिसतो. लढणाऱ्या दोघांना तेवढा न्हाई दिसत.

---

गंगावेश | सोमवार, सकाळी ७:२०

सुंदर धागा. वाचतेय.

---

माहेर पुणे | सोमवार, दुपारी १:४८

लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला ११ वर्षं झाली. पहिलं वर्षभर मला वाटायचं या घरात सतत भांडण चाललंय. दारात दूधवाल्याशी, शेजारच्या वहिनींशी, एकमेकांशी, सगळं वरच्या पट्टीत. सासूबाई "मी मंडईत जाऊन येतो" म्हणायच्या, त्याचीही सवय व्हायला वेळ लागला. मग हळूहळू कळलं की "बस की", "खा की", "थांब की" यातला तो 'की' म्हणजे माया आहे. ज्याच्याशी खरंच बिनसलंय त्याच्याशी त्या अगदी हळू आणि नीट बोलतात. एवढं उमगल्यावर मला वाटलं, झालं, आपल्याला हे घर कळलं.

तिसऱ्या वर्षी चुलतसासूबाई सहज बोलून गेल्या की सुरुवातीला सासूबाई माझ्यामुळे रडल्या होत्या. मी हादरलेच. कारण काय, तर मी वाढताना "आई, तुम्हाला अजून भाकरी हवी आहे का?" असं विचारायचे. आमच्याकडे हा आदर. विचारल्याशिवाय ताटात टाकायचं नाही. इथे मात्र विचारायचं नसतं, वाढायचं असतं. 'हवी आहे का' विचारणं म्हणजे 'आता बास करा' असं सुचवणं. त्या अर्ध्या पोटी उठायच्या आणि मला वाटायचं, वयामुळे आहार कमी झाला असेल.

तीन वर्षं मी त्यांचा अभ्यास करत होते. त्यांचा आवाज, त्यांचे शब्द, त्यांचा राग. माझा आवाज त्यांच्या कानावर कसा पडतो हा प्रश्नच मला पडला नव्हता. आपली पद्धत आपल्याला पद्धत वाटतच नाही, साधं वागणं वाटतं. पद्धती काय त्या दुसऱ्यांच्या.

काका, तुमच्या 'बरं'चं तसंच काही असेल का?

---

निवांत | सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांचं वाचलं. थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही सगळे म्हणताय की आपलं आपल्याला कळत नाही, दुसऱ्यानं सांगावं लागतं. मला हे अर्धंच पटतं. मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर तीनदा केलंय. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, पुढं अंगावरच्या संवेदना. बोलणं नाही, वाचणं नाही, फोन नाही. तिथं पहिल्यांदा कळलं की राग यायच्या आधी माझ्या गळ्याखाली कढत होतं, आणि ते होऊन गेल्यावर मी कारण शोधायला लागतो. हे मला ना बायको सांगू शकली असती ना वस्ताद. ते आतच होतं आणि आतूनच दिसलं.

सारखं दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःला बघायला लागलं तर माणूस लोक काय म्हणतील यातच संपतो. आपण आपल्याला बघायला शिकणं आधी.

---

प्रयोगवही | मंगळवार, सकाळी ११:१०

मी इथल्याच एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. निवांत, तुमच्या प्रतिसादात एक वाक्य फार मोलाचं आहे: "ते होऊन गेल्यावर मी कारण शोधायला लागतो." नेमकं याच जागी बोट ठेवणारा एक जुना प्रयोग आहे.

१९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका दुकानात टेबलावर पायमोज्यांचे चार जोड मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यातला उत्तम निवडायला सांगितलं. लोकांनी सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला. का निवडला, तर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. चारही जोड हुबेहूब एकच होते. जागेमुळे निवडला असं कुणीच म्हणालं नाही, आणि तसं सुचवल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते धुडकावलं. हे लोक खोटं बोलत नव्हते. आपण का वागलो याचं कारण आपल्याला आतून 'दिसतं' असं वाटतं, पण बऱ्याचदा आपण ते तिथल्या तिथं रचतो, अगदी एखादा तिऱ्हाईत आपल्याबद्दल रचेल तसंच. लाल माती यांचा खुराक आणि गुडघा आठवा.

मग आतून काहीच दिसत नाही का? दिसतं. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांचं स्वतःबद्दलचं मत, त्यांच्या मित्रांचं मत आणि प्रत्यक्ष वागणं पडताळून पाहिलं. काळजी, धास्ती, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टी ज्याच्या त्यालाच जास्त नीट माहीत होत्या. बुद्धी, कल्पकता अशा ज्या गोष्टींत आपली प्रतिमा गुंतलेली असते, तिथं मित्र जास्त बरोबर निघाले. म्हणजे निवांत यांचं गळ्याखालचं कढत होणं त्यांचंच, तिथं दुसरा कोण काय सांगणार? पण उत्तरेश्वर काकांचं "मी शांत माणूस" हे संवेदनेबद्दलचं वाक्य नाही, स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. ते तपासायला घरच्यांकडेच जावं लागेल.

---

निवांत | मंगळवार, दुपारी २:०५

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. संवेदना माझी, पण तिचं कारण मी लावलेलं. विचार करतो.

---

पूरपट्टा | मंगळवार, रात्री १०:४४

दुसऱ्याला समजून घेण्याबद्दल मला लिहायचंय. हे आजवर कुणाला नीट सांगितलं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी शिरोळ तालुक्यात एका बोटीवर मदतीला होतो. एका घरात एक म्हातारे आजोबा, पाणी ओसरीवर, आणि ते निघायला तयार नाहीत. आम्ही हात जोडले, ओरडलो. मी रागानं म्हणालो, "तुमच्या हट्टापायी आमचा जीव जाईल." त्यांनी भिंतीवरची एक रेघ दाखवली, २००५ च्या पुराची. तेव्हा पाणी तिथवर येऊन थांबलं होतं. आणि ते निघत नव्हते याचं खरं कारण मागच्या गोठ्यात होतं. दोन म्हशी दाव्याला होत्या. दावी कापून दिली तर पोहून कुठं तरी लागतील, बांधलेल्या राहिल्या तर उभ्या जागी बुडतील. आजोबांना पाण्यातून गोठ्यापर्यंत जाता येत नव्हतं आणि आमच्याकडं ते मागायला त्यांना संकोच वाटत होता, कारण आम्ही आधीच ओरडत होतो. शेवटी आमच्यातला एक पोरगा गेला, विळ्यानं दावी कापली. आजोबा मुकाट बोटीत बसले.

मी वर्षभर ही गोष्ट 'खेड्यातली माणसं किती हट्टी' अशी सांगत फिरलो. गोठ्याचा भाग मी गाळायचो. मुद्दाम नव्हे, पण गाळायचो.

मग जुलै २०२१. आमचं घर जयंती नाल्याच्या बाजूला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मी दर तासाला मोबाइलवर बघत होतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे मला तोंडपाठ. ४३ ओलांडली तरी मी घरातच. फ्रीज वर चढवत होतो, कागदपत्रं शोधत होतो, '२०१९ ला पाणी दुसऱ्या पायरीला थांबलं होतं' असं बायकोला सांगत होतो. शेवटी मदतीच्या पोरांनी आम्हाला काढलं, आणि त्यातला एकजण मला अगदी तेच वाक्य बोलला. मला फार लागलं. मी हट्ट करत नव्हतो हो, मी अंदाज घेत होतो!

त्या रात्री नातेवाइकांच्या घरी झोपल्यावर आजोबांची रेघ डोळ्यापुढं आली. त्यांचा हट्ट आणि माझा अंदाज. वागणं अगदी एकच होतं. नंतर एकदा गावात जाऊन आलो, आजोबा भेटले नाहीत. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

---

गंगावेश | मंगळवार, रात्री ११:१५

पूरपट्टा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

---

शिरोली एमआयडीसी | बुधवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी करून आलोय, झोपायच्या आधी लिहितो. एक गोष्ट कुणीच बोललं न्हाई.

मी फौंड्रीत हाय. साहेबानं गाडी स्टँडला कशी लावली त्यावरनं आमाला दिवस कळतो. चावी फिरवत आला तर बरं, खिशात घालून आला तर त्या दिवशी कुणी सुट्टी मागायची न्हाई. त्याच्या पोराचा निकाल, बायकोचं आजारपण, आमाला समदं चेहऱ्यावरनं कळतं. साहेबाला आमचं काय कळतं? माझा बाप गेला त्या आठवड्यात मी कामावर होतो, तो मला म्हणाला, "काय रे, झोप झाली न्हाई व्हय?" वाईट माणूस न्हाई तो. त्याला गरज न्हाई.

खालच्याला वरचा वाचावाच लागतो, भाकरी तिथं असते. वरच्याला खालचा न वाचताबी चालतं. म्हणून काका, राग मानू नका, तुमच्या पोरांना तुमचं 'बरं' कळत होतं ते हुशारीनं न्हवं. त्यांना ते कळून घ्यावं लागत होतं. आणि खिडकीतनं तुम्ही लोकांचे हात बघायचा, तेव्हा लोकबी तुमचं तोंड बघत असतील. पैसे तुमच्या हातात होते.

---

उत्तरेश्वर पेठ (धागाकर्ता) | बुधवार, दुपारी ४:३०

शिरोली, राग कसला. तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

खिडकीतून दिसायचं त्याला मी माझं कसब समजत होतो. पलीकडून कुणी मला वाचत असेल हे ३१ वर्षांत डोक्यात आलं नाही. आता आठवतं, काही म्हातारी माणसं स्लिप भरताना चुकली की आधी माझ्याकडं बघायची.

घरी विचारायचं ठरवतोय, पण काय विचारू? "मी कसा आहे" विचारलं तर बायको "चांगले आहात" म्हणेल आणि उठून जाईल.

---

प्रयोगवही | बुधवार, रात्री ८:२५

काका, 'मी कसा आहे' विचारूच नका. त्याचं खरं उत्तर कुणी देत नाही, आणि शिरोली यांनी सांगितलं त्या कारणासाठी तर नाहीच. एक प्रसंग घ्या, ताजा, छोटा. "काल मी 'बरं' म्हणालो तेव्हा तुला काय वाटलं?" एवढंच. आणि उत्तर आल्यावर स्वतःची बाजू मांडू नका. हे सगळ्यात अवघड.

गंगावेश यांच्या म्हणीवरही थोडं बोलते. टाल एयल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं ओळखा, असं लोकांना सांगितलं. नवरा-बायकोच्या जोड्याही त्यात होत्या. कल्पना केल्यानं अंदाज सुधारला नाही. सुधारला तो थेट विचारल्यावर. मला यातून एवढंच दिसतं की मनानं आपण दुसऱ्याच्या वंशात जातो ते आपलंच डोकं बरोबर घेऊन. म्हण खरी आहे, पण तिच्यात प्रत्यक्ष 'जावे' लागतं. पूरपट्टा खरंच पाण्यात उभे राहिले तेव्हा कळलं.

आणखी एक, तुमच्या कॅशच्या भाषेतलं. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती. दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभराच्या वर गेली. आपण केलेलं प्रत्येक काम आपण समोर असताना झालेलं असतं. दुसऱ्यानं केलेलं बरंचसं आपल्यामागं होतं.

---

माहेर पुणे | बुधवार, रात्री ९:०२

मी आज सासूबाईंना अकरा वर्षांनी त्या भाकरीबद्दल विचारलं. म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?" आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसल्या. एवढंच सांगायचं होतं.

---

उत्तरेश्वर पेठ (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९:४०

मंडळी, विचारलं.

काल संध्याकाळी चहा घेताना, प्रयोगवही ताईंनी सांगितलं तसंच. गॅसच्या नोंदणीवरून मी सकाळी 'बरं' म्हणालो होतो. सौ. आधी म्हणाली, "आता बत्तीस वर्षांनी?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "पुढं बोलू नको, असं वाटतं." माझ्या तोंडावर आलं होतं की अगं तसं नसतं. गिळलं.

मग तिनं मला विचारलं, "जेवताना तुम्ही गप्प का असायचा? लग्न झाल्यापासून?"

मी सांगितलं ते खरंच साधं आहे. पतसंस्थेत दिवसाची कॅश जुळली तरी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात आकडे चालू असायचे. पाचशेच्या किती, शंभरच्या किती, कुणाला जास्त तर गेली नाही. पहिल्या वर्षी एकदा रक्कम कमी पडली होती, पगारातून भरावी लागली, तेव्हापासूनची सवय. ताटावर बसलो की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. पुढ्यात काय वाढलंय ते कधी कधी मला हात धुताना आठवायचं नाही.

ती गप्पच झाली. म्हणाली, "मला वाटायचं जेवण आवडत नाही." नवीन लग्न झालं तेव्हा तिनं अंबाडीची भाजी केली होती, लसणाची फोडणी घालून, तिच्या आईची पद्धत. मी एक शब्द बोललो नाही. तिनं ती पुन्हा केली नाही. आणि मला ती भाजी आवडते हो, माझी आई करायची. मी समजून चाललो होतो की हिला अंबाडी निवडायचा कंटाळा असेल, म्हणून कधी मागितली नाही. हिनं एक धरलं, मी एक धरलं, आणि दोघांनीही बत्तीस वर्षं ते सांभाळलं.

रात्री मुलीला फोन केला. ती तिच्या कामाचं काही सांगत होती, मी सवयीनं "बरं" म्हणालो. पलीकडं शांतता. मग मी म्हणालो, "हे नुसतं ऐकतोय म्हणून म्हणालो, तू बोल." ती बोलली, बराच वेळ.

आज सकाळी कपिलतीर्थ मंडईत अंबाडीच्या दोन पेंड्या मिळाल्या. निवडायला बसतोय. बाकीच्यांना उत्तरं दुपारी देतो.